नवी गाडी, आपला रस्ता आणि आपण

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



व्याख्यानमालेत आत्तापर्यंत डॉक्टर बोलले, वकील बोलले, आमच्या प्राध्यापक वहिनी बोलल्या. चौथं पुष्प माझ्या गळ्यात आलं, तेव्हा मी सेक्रेटरींना म्हटलं, अहो, माझं आयुष्य गाडीच्या खाली गेलं, व्यासपीठावर मी काय बोलणार? ते म्हणाले, गाडीबद्दलच बोला. म्हणून उभा आहे.

मी मूळचा तुडीलचा. खाडीपट्ट्यातला. महाडच्या एस.टी. आगारात सहायक कारागीर म्हणून लागलो आणि प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. माझ्या उमेदीच्या काळातल्या गाडीला डोळे नव्हते, कान नव्हते, आवाज मात्र भरपूर होता. स्टिअरिंग फिरवायला दंडात ताकद लागायची. ब्रेक कमी झाला तर डॅशबोर्डवर दिवा लागत नसे, ड्रायव्हरच्या पायाला कळायचं. तो आगारात येऊन सांगायचा, "पेडल खाली जातंय रे." तोच आमचा सेन्सर.

२००० साली आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा खाली उभ्या असायच्या स्कूटरी आणि सायकली. चारचाकी बोटांवर मोजण्याइतक्या. आज पार्किंगला जागा पुरत नाही, आणि त्यातल्या निम्म्या गाड्या माझ्यापेक्षा हुशार आहेत. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने पुण्यात अशीच एक हुशार गाडी घेतली. ती तो महिना महिना इथे ठेवून जातो. पहिल्या दिवशी मी ती चालवायला घेतली, तर दहा मिनिटांत ती माझ्यावर सात वेळा ओरडली. मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे. बिघाड नव्हता. मला तिची भाषा येत नव्हती.

आज मी त्या भाषेबद्दल बोलणार आहे. गाडी कुठली घ्यावी हे सांगणार नाही. घेतलेली गाडी आपल्या रस्त्यावर कशी वापरायची आणि कशी सांभाळायची, एवढंच. आणि हे मी का सांगतोय, त्याचं कारण आमच्या सौ.च्या कपाळावर आहे. ते पुढे येईल.

गाडीला काय दिसतं?

ज्याला हल्ली सगळे "एडास" म्हणतात, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, ती २०२० नंतर आपल्याकडच्या गाड्यांत दिसायला लागली. आधी महागड्या गाड्यांत आली, मग मधल्या किमतीच्या गाड्यांतही. तिचे डोळे तीन प्रकारचे असतात.

पहिला डोळा म्हणजे कॅमेरा. आतल्या आरशाच्या मागे, पुढच्या काचेला चिकटलेला असतो. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो, गाडी ओळखतो, माणूस ओळखतो. दुसरा म्हणजे रडार. बहुधा पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीच्या मागे बसवलेलं असतं. ते लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून समोरची वस्तू किती लांब आहे, किती वेगाने जवळ येते, हे ओळखतं. तिसरे म्हणजे बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढे गोल ठिपके दिसतात ते. ते आवाजाच्या लहरींवर चालतात, वटवाघळासारखे. त्यांची नजर अगदी जवळची, गाडी लावताना उपयोगी पडणारी. मागचे पार्किंग सेन्सर तर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचेच झाले आहेत.

या डोळ्यांच्या जोरावर गाडी काय करते? समोर धडक होईल असं वाटलं तर आधी ओरडते, तरीही आपण काही केलं नाही तर स्वतः ब्रेक मारते. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला तर सावध करते, काही गाड्या स्टिअरिंग हळूच आत ओढतात. क्रूझ लावला तर पुढच्या गाडीपासून अंतर राखून आपोआप कमी-जास्त वेगाने चालते. बाजूच्या आरशात न दिसणारी गाडी आली तर आरशात दिवा लावते. समोरून गाडी आली की हेडलाइटचा अप्पर स्वतःच डिपर करते.

ऐकायला छान वाटतं, आणि आहेही छान. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आज आपल्या पार्किंगमध्ये असलेली एकही गाडी स्वतः चालणारी नाही. कंपनीच्या जाहिरातीत "लेव्हल टू" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की गाडी मदत करेल, पण हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर आणि जबाबदारी तुमच्यावर. अपघात झाला तर पोलीस पाटील रडारचा जबाब घेणार नाही.

आपला रस्ता तिला ओळखू येत नाही

आता आपल्या भागात येऊ. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण जिथे पूर्ण झालंय, मधे दुभाजक आहे, पांढरे पट्टे ठळक आहेत, तिथे ही सगळी मदत जरूर वापरा. अंतर राखणारा क्रूझ तिथे फार उपयोगाचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आपण मोबाइलच्या आवाजाकडे एक सेकंद बघितलं की २२ मीटर रस्ता आंधळेपणी कापला. त्या एका सेकंदात ही यंत्रणा जागी असते. हा तिचा खरा उपकार.

पण महामार्ग सोडून म्हाप्रळच्या दिशेला खाडीपट्ट्यात वळा. मधे पट्टा नाही. कडेला पट्टा नाही. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला साइडपट्टी खचलेली. वळणावर म्हशी बसलेल्या. कॅमेऱ्याला ओळखायला शिकवलेलं असतं ते मुख्यतः गाड्या, पायी चालणारी माणसं आणि सायकलवाले. बसलेली काळी म्हैस, अंधार आणि पाऊस, यांची परीक्षा आमच्या खाडीपट्ट्यात रोज असते, आणि त्यात कॅमेरा पास होईलच याची खात्री कोणीही देत नाही.

आणखी एक. खड्डा चुकवायला तुम्ही गाडी उजवीकडे घेता, इंडिकेटर देत नाही, आणि तिथे नेमका कुठेतरी पुसट पट्टा शिल्लक असतो. मग स्टिअरिंग हाताला विरोध करायला लागतं. घाबरू नका, जोर लावून वळवलं तर वळतं, माणसाचा हात तिला वरचढ असतो. पण पहिल्या वेळी दचकायला होतं, आणि दचकलेला ड्रायव्हर चुका करतो. म्हणून गावच्या रस्त्याला लागण्याआधी पट्टा सांभाळण्याची सोय बंद करा. अंतर राखणारा क्रूझही बंद. धडकेचा इशारा आणि आपोआप ब्रेक मात्र कधीच बंद करू नका. बऱ्याच गाड्यांत या सोयी वेगवेगळ्या बंद-चालू करता येतात. कुठल्या बटणाने, ते गाडीच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं, ते आज घरी जाऊन उघडा.

घाटाचं तेच. कशेडीला आता बोगदा झाला, तरी वरंधा आहे, महाबळेश्वरला जाताना आंबेनळी आहे. घाटात क्रूझ लावायचा नाही. उतारावर गिअर खालचा ठेवायचा. ऑटोमॅटिक गाडी असली तरी तिला खालच्या गिअरची सोय असते, ती वापरायची. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि आयत्या वेळी धरत नाहीत. चढावर थांबून सुटताना गाडी मागे येऊ नये म्हणून जी सोय असते, ती दोन-तीन सेकंदच धरून ठेवते. तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर गेला पाहिजे. ती हँडब्रेक नव्हे. आणि एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, घरघर आवाज येतो. ते बरोबर आहे. घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा आणि स्टिअरिंग सांभाळा. जुन्या गाडीसारखं पंप करायचं नाही.

पावसात पार्किंग लाइटची चारही इंडिकेटरं लावून धावणारे फार झालेत. ती थांबलेल्या गाडीची खूण आहे. चारही लुकलुकत असताना तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळत नाही. पावसात साधा डिपर लावा.

जे नाही, ते रडारला दिसत नाही

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. तुम्हा सगळ्यांनाही आठवत असेल. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्रीला पूर होता. महामार्गावरचा १९२८ सालचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एस.टी. बस आणि इतर गाड्या वाहून गेल्या. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली, या त्या दोन बस. त्यांचे चालक-वाहक माझ्या ओळखीचे नव्हते. पण खाकी तीच होती. त्यानंतर कितीतरी दिवस आगारात कोणी मोठ्याने बोललं नाही.

नवी गाडी घरात आली तेव्हा मुलगा मला कौतुकाने एकेक फीचर दाखवत होता. मी त्याला विचारलं, "ही गाडी त्या रात्री असती तर थांबली असती का?" तो गप्प झाला. मग त्याने पुस्तक वाचलं, कंपनीच्या माणसाला विचारलं, आणि चार दिवसांनी मला फोन केला. म्हणाला, "नाही बाबा, त्या भरवशावर राहू नये." रडारला समोर जे *आहे* ते दिसतं. जे *नाही*, ते दिसत नाही. समोर ट्रक असेल तर लहर परत येते. समोर पूल नसेल तर लहर परत येतच नाही, आणि गाडीला वाटतं, रस्ता मोकळा.

तीच गोष्ट पाण्याखालच्या रस्त्याची. मोरीवरून पाणी जातंय, खाली डांबर शिल्लक आहे की वाहून गेलंय, हे कुठल्याही कॅमेऱ्याला कळणार नाही. ते कळतं बाजूला उभ्या असलेल्या गाववाल्याला. काच खाली करा आणि त्याला विचारा. तो "जाऊ नका" म्हणाला, तर जाऊ नका.

आमच्या घरची गोष्ट

आता ती कपाळाची गोष्ट. सौ. समोरच बसल्या आहेत, त्यांची परवानगी काढली आहे.

मागच्या वर्षी, २०२४ च्या गणपतीत, गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही इथून तुडीलला निघालो. मी चालवत होतो. मुलगा माझ्या शेजारी. मागे सौ., सूनबाई आणि मधे नातू. नातू पाच वर्षांचा, त्याच्या लहान सीटमध्ये पट्ट्याने बांधलेला, कारण सूनबाई त्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. स्वतःचाही पट्टा ती लावते. सौ.च्या मांडीवर गौरीच्या मुखवट्यांचा डबा. आमच्या घरचे जुने मुखवटे आहेत, दरवर्षी ती ते असेच मांडीवर घेऊन जाते.

या गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावला नाही तरी टुंग-टुंग वाजतं. सौ.ला त्याचा त्रास व्हायचा. ती म्हणायची, "मागे बसलेल्याला कशाला पट्टा?" आणि मी, आयुष्यभर ब्रेक दुरुस्त केलेला माणूस, मी काय केलं? रस्त्याकडेच्या दुकानातून एक क्लिप आणली. पट्ट्याच्या खाचेत ती खोटी क्लिप अडकवली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय. आवाज बंद. घरात शांतता.

रिमझिम पाऊस होता. अंधार पडत आलेला. वेग चाळीस-पंचेचाळीसचा असेल. डावीकडच्या वाडीच्या पायवाटेवरून एक मोटरसायकल, दिवा न लावता, एकदम रस्त्यावर आली. मला ती दिसली, माझा पाय ब्रेककडे निघाला. पण माझा पाय पोचायच्या आत गाडीने ब्रेक मारला. इतका जोरात की मी पट्ट्यात आवळला गेलो. गाडी त्या पोरापासून हातभर अंतरावर थांबली. पोरगा मोटरसायकलसकट आडवा झाला, पण त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

सौ. पुढे फेकली गेली. दोन्ही हातांत मुखवट्यांचा डबा. तो सोडून तिने हात पुढे घेतला नाही. कपाळ माझ्या सीटच्या वरच्या कडेवर आपटलं. पाच टाके पडले. मुखवट्यांना काही झालं नाही.

दवाखान्याबाहेर बाकावर बसून मी हिशोब केला. गाडीने त्या पोराला वाचवलं. माझ्या क्लिपने माझ्या बायकोला जखमी केलं. गाडी मला महिनाभर तेच सांगत होती आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं. अजून एक गोष्ट मला त्या रात्री कळली. आपोआप ब्रेक मारणाऱ्या गाडीत पट्ट्याची गरज आधीपेक्षा जास्त आहे. आपण स्वतः ब्रेक मारतो तेव्हा निदान आपल्याला माहीत असतं. ती मारते तेव्हा मागे बसलेल्याला काहीच सूचना नसते.

दुसऱ्या दिवशी त्या पोराची आई घरी आली. सोबत परसातलं एक तवसं. सौ.च्या पायाशी ठेवलं आणि रडायला लागली. सौ. म्हणाली, "अगं, त्याला दिवा लावायला सांग, आणि मी पट्टा लावते. झालं."

ती क्लिप मी हातोड्याने फोडली. नंतर कळलं की २०२३ सालीच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना अशा क्लिपा विकणं बंद करायला लावलं होतं, तेरा हजारांवर जाहिराती काढून टाकाव्या लागल्या होत्या. मागे बसणाऱ्यालाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, नाही लावला तर हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघून हळहळलो. मीही हळहळलो. आणि तरी क्लिप आणली.

एअरबॅग म्हणजे उशी नव्हे

काही जण म्हणतात, आमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत, पट्ट्याचं काय काम? एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा तुम्हाला जागेवर धरून ठेवतो, तेव्हा ती उशी ठरते. पट्टा नसेल तर तुम्ही पुढे जात असता आणि ती तुमच्या दिशेने येत असते. मग ती ठोसा ठरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप नावाची चाचणी सुरू झाली, गाडीला तारे मिळतात. त्या चाचणीतल्या बाहुल्यांनी पट्टे लावलेले असतात, हे विसरू नका. पट्टा नसेल तर ते तारे तुमचे नाहीत.

छातीत आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागात निदान वीतभर अंतर ठेवा. डॅशबोर्डवर शेजाऱ्याच्या बाजूला गणपतीची मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइलचं स्टँड चिकटवू नका. देवावर माझी श्रद्धा आहे, पण एअरबॅग फुटताना ती मूर्ती समोरच्याच्या तोंडावर येते. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण शिवलेली असेल तर तिथे साधं जाड कव्हर घालू नका, कुशीची एअरबॅग अडकते. बाळाची मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर पुढे कधीही बसवू नका. आणि पुढे लोखंडी गार्ड लावलेल्यांनी तो काढा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. गार्डमुळे रडारही अडतं आणि एअरबॅगचं गणितही बिघडतं.

डोक्यामागची उशी आपण मानेमागे ठेवतो. ती कानाच्या उंचीला हवी. मागून धडक बसली तर मान तीच वाचवते.

सोसायटीसारखाच गाडीलाही मेंटेनन्स

मेंटेनन्स म्हटलं की आपल्या सर्वसाधारण सभेत आवाज चढतात. पण इथे वर्गणी नाही, फक्त लक्ष द्यायचं.

पुढची काच आता नुसती काच राहिली नाही, ती कॅमेऱ्याचा चश्मा आहे. आरशासमोरचा भाग स्वच्छ ठेवा. तिथे स्टिकर, काळी फिल्म, लटकणारी माळ नको. वायपरचं रबर पावसाळ्याआधी बदला, दोन-चारशेची गोष्ट आहे. आमच्या गाडीच्या काचेवर डंपरमधून उडालेली खडी बसली, काच बदलावी लागली. ज्यांच्याकडे बदलली त्यांना मी विचारलं, कॅमेऱ्याचं काही करायचं का? म्हणाले, काही लागत नाही. नंतर आठवडाभर गाडी पट्ट्याच्या आत असतानाच ओरडायची. शेवटी दुसरीकडे नेऊन कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घेतलं, तेव्हा ती शहाणी झाली. म्हणून काच बदलली, बंपर उघडला, चाकांची अलाइनमेंट केली किंवा सस्पेन्शनचं काम केलं, की कॅलिब्रेशन लागतं का हे विचारा आणि केलं असेल तर बिलावर लिहून घ्या.

बंपरवरच्या सेन्सरवर चिखल बसला की ते आंधळे होतात. ओल्या फडक्याने पुसा. पाण्याचा जोराचा फवारा अगदी जवळून मारू नका. बंपरवर पुन्हा पुन्हा रंगाचे थर नकोत.

टायरमधल्या हवेचा दिवा लागला तर "सेन्सर खराब असेल" म्हणू नका, आधी हवा तपासा. हवा नेहमी टायर गार असताना, दाराच्या कडेच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. स्टेपनीला बहुतेक गाड्यांत सेन्सर नसतो, ती स्वतः बघायची. टायर गुळगुळीत असेल तर जगातली कुठलीही यंत्रणा ओल्या रस्त्यावर गाडी थांबवू शकत नाही. ब्रेक शेवटी रस्त्यावर रबर मारतं, कॉम्प्युटर नाही.

आता आतला भाग. कोकणातला पाऊस म्हणजे गाडीत बुरशी. एसीला कुबट वास येत असेल तर केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो सामानाच्या कप्प्यामागे असतो, दहा मिनिटांत निघतो. घर यायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतली ओल सुकते. काच आतून धुरकटली तर एसी चालू, हवा काचेवर आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. काच बाहेरून धुरकटली तर उलट, आतला गारवा कमी करा आणि वायपर फिरवा. आतलीच हवा फिरवत तासन्‌तास बसू नका, सुस्ती येते. आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. विषारी वायूला वास नसतो.

पायाखाली एकावर एक दोन मॅट टाकू नका. ब्रेकखाली वरची मॅट सरकली की संपलं. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी नको, त्याच कारणाने.

टचस्क्रीन मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा. सॅनिटायझर, फिनेल नको. पत्ता टाकायचा तो गाडी सुरू करण्यापूर्वी. गाडी विकताना तुमचा फोन, नंबरांची यादी, घरचा पत्ता, सगळं त्यातून पुसून टाका. लोक आरसी बुक ट्रान्सफर करतात, पण स्वतःचे फोन नंबर गाडीबरोबर देऊन टाकतात.

आणि उंदीर! आपल्या सोसायटीचा जुना सभासद. वर्गणी न भरणारा. एक वायर कुरतडली की डॅशबोर्डवर पाच दिवे लागतात आणि हजारोंचं बिल येतं. गाडीत खाण्याचे डबे, शेंगदाण्याची टरफलं ठेवू नका. गाडी उभी असेल तर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघा. काचेखालच्या खाचेत साठलेली पानं काढा, नाहीतर पाणी आत शिरतं. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या पावसाळ्याआधी साफ करून घ्या.

२२ जुलै

शेवटचा मुद्दा. २२ जुलै २०२१ कोणाला विसरता येणार आहे? त्या दिवशी तळियेत दरड कोसळली आणि महाडात पाणी भरलं. आपल्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपावरून पाणी गेलं. पाणी ओसरल्यावर आपल्यातल्या दोघा-तिघांनी "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवली. आणि तिथेच इंजिन गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की रॉड वाकतो.

पुरात बुडालेली गाडी कधीही सुरू करू नका. चावी लावू नका, बटण दाबू नका. जमत असेल तर बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि टो करून न्या. विम्यात इंजिनसाठी वेगळं संरक्षण असतं, ते आपल्या पॉलिसीत आहे का ते आजच बघा. आजच्या गाडीत धोका इंजिनापुरता नाही. एअरबॅगचा मेंदू बऱ्याच गाड्यांत मधल्या गिअरच्या खाली, जमिनीलगत असतो. सीटखाली वायरी असतात. गाडी धुऊन-सुकवून चकचकीत केली, चालू झाली, तरी ते भाग तपासल्याशिवाय तिच्यात मुलंबाळं बसवू नका. जुनी गाडी विकत घेताना पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघा. मुळाशी गाळाची रेघ असेल तर ती गाडी पूर बघून आलेली आहे.

म्हणून कमिटीला माझी एक सूचना आहे. दरवर्षी मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी आपण सगळ्यांनी खाली जमायचं. मी माझी हत्यारं आणतो. टायर, वायपर, दिवे, सेन्सर, पट्टे, सगळ्यांच्या गाड्या एकदा बघू. पैसे नकोत, चहा द्या. आणि नदीची पातळी वाढल्याची सूचना आली की रात्री-अपरात्री कोणी कोणाच्या गाडीची चावी घेऊन गाडी उंचावर न्यायची, याची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये लावू. आपल्याकडे कितीतरी घरांत म्हातारी माणसं एकटी आहेत, मुलं पुण्या-मुंबईला आहेत. त्यांची गाडी कोण हलवणार, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

माझं बोलणं संपत आलं. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. त्या संध्याकाळी माझ्या पायापेक्षा गाडीचा पाय लवकर पोचला, म्हणून एका आईचा मुलगा घरी गेला. मी ते कधी विसरणार नाही. पण ती मदतनीस आहे. आमच्या आगारात चांगला मदतनीस असला की आम्ही त्याच्याकडे पाना द्यायचो, जबाबदारी नाही. आणि तो काही सांगत असला तर त्याचं तोंड बंद करायचो नाही.

आता आमच्या घरी रीत अशी आहे की सौ. मागे बसते, पट्टा लावते, खट्‌ असा आवाज येतो, आणि मगच मी गाडी सुरू करतो. यंदाही मुखवट्यांचा डबा आमच्याबरोबर तुडीलला आला. त्यालाही नातवाने मागच्या मधल्या सीटवर पट्टा बांधला होता.